गावचे तलाव आणि त्यांच्या ठेक्याचा इतिहास

झाडीपट्टीत देऊळ आणि तलाव यांची जोडी सहसा फुटत नाही. गावाच्या वरच्या अंगास तलाव, तलावाची पार, पारीवर वड किंवा पिंपळ आणि त्याच्या सावलीस देव, अशी मांडणी गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या चारही जिल्ह्यांत गावोगाव दृष्टीस पडते. मंदिराच्या जीर्णोद्धाराचा वृत्तांत या स्मरणिकेत इतरत्र आलेलाच आहे. परंतु ज्या पाण्याच्या काठी हे देव बसले ते पाणी कोणी अडविले, त्यातील मासळी कोणाची, आणि ती कोणाची असावी यासाठी गावचा माणूस व बाहेरचा ठेकेदार यांच्यात काय ओढाताण झाली, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. तो इतिहास येथे थोडक्यात दिला आहे.

हा मुलूख गोंड राजांचा. जंगल तोडून जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते. अशा जमिनीस तुकूम म्हणत. आजही चंद्रपूर जिल्ह्यात तुकूम हे नाव लावलेली गावे व वस्त्या आहेत, ती या धोरणाचीच खूण होय. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता त्याने कोहळ्यांना तिकडून आणले, अशी परंपरागत समजूत आहे व ती इंग्रजी अमदानीतील ग्रंथांतही नोंदलेली आहे. यात्रेची गोष्ट खरी असो वा नसो, कोहळ्यांची नजर खरी होती. दुर्बीण नाही, लेव्हल नाही, नकाशा नाही. पावसाळ्यात पाणी कोणत्या बाजूने वाहते, कोठे थबकते, एवढे पाहून ते पारीची जागा धरीत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सात बहिणींच्या डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीने बुजवून केलेले ते काम आजही उभे आहे. लोकांनी कोलू पाटलांना पुढे कोलासूर देव म्हणून पुजले, आणि तलावाजवळील टेकडीवर त्यांचे ठाणे आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला लोकांनी देवपण द्यावे, यावरून त्या कामाची किंमत ध्यानी यावी.

मात्र तलाव हे एकट्या कोहळ्याचे काम नव्हे. माती खणणारे व वाहणारे हात गावातले आणि जवळच्या गोंडांच्या टोल्यांवरचे. कुदळ-फावड्यांना धार लावणारा लोहार गावचा. पाणी सोडावयाचे तुडूम घडविणारा सुतार गावचा. पावसाळ्यात जादा पाणी ज्या सांडीवरून निघून जाते त्या सलंगेची देखरेख गावची. पाणी वाटणारा पाणकर गावाने नेमलेला, आणि त्याची मजुरी धानाच्या रूपाने शेतकऱ्यांनीच द्यावयाची. बारीक गळती दिसली की ती त्याच आठवड्यात बुजविली जात असे, कारण ज्याची बांधी त्या पाण्याखाली होती तोच पारीवरून रोज ये-जा करीत होता. या सर्व व्यवहारात कागद नव्हता. कामाची वाटणी जन्माने ठरत असे, हे त्या व्यवस्थेचे मोठे वैगुण्य होते व ते झाकण्याचे कारण नाही. परंतु कामासाठी गावचा माणूस सोडून दूरचा बोलवावा, हा विचारच त्या काळी कोणाच्या मनात येण्यासारखा नव्हता.

पाण्यातील धंदा ढिवरांचा. त्यांना कोठे कहार, कोठे भोई म्हणतात. डोंगा चालविणे, जाळी विणणे, मासळी धरणे, शिंगाडा लावणे ही त्यांची कामे. मरळ, वाघूर, शिंगी, दाडक ही इथली मूळची मासळी. बाया डोक्यावर टोपली घेऊन आसपासच्या गावांत मासळी विकत व मोबदल्यात धान आणीत. मालगुजाराला मासळीचा वा शिंगाड्याचा हिस्सा पोचता केला म्हणजे तलावावरचा त्यांचा हक्क कायम असे.

१८६० च्या दशकात इंग्रज सरकारने मध्यप्रांतात बंदोबस्त केला. गावच्या पाटलांस व वसुली करणाऱ्यांस मालगुजार म्हणून मालकी हक्क दिले, आणि तलाव त्यांच्या नावे चढले. त्याच बंदोबस्तात एक चांगली गोष्ट झाली, ती अशी की गावच्या वहिवाटी कागदावर आल्या. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन कागदांत कोणत्या गावी गुरे कोठे पाणी पितील, तलावाचे पाणी कोण घेईल, जळाऊ लाकूड कोठून आणावे, मासे व शिंगाडे यांबाबत चाल काय आहे, अशा गोष्टी लिहिल्या जात. मालगुजार मालक खरा, पण या वहिवाटीने बांधलेला मालक होता. काही मालगुजारांनी तलाव स्वतःच्या लेकरासारखे सांभाळले, काहींनी रयतेकडून वेठ घेतली. सर्वांना एका मापाने मोजता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर त्या वेळच्या मध्यप्रदेश शासनाने १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा केला, आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. तलाव शासनाचे झाले. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘माजी मालगुजारी’ आणि पुढे आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ झाले. मामा नावाचा माणूस कोण, असे बाहेरून आलेले लोक अजूनही विचारतात. पुढे १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शंभर हेक्टरपर्यंत भिजविणारे तलाव त्यांच्या लघु पाटबंधारे विभागाकडे गेले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा चौदाशेच्या वर मामा तलाव नव्या जिल्ह्याच्या वाट्यास आले. लहान बोड्या व गावतळी बहुतेक ग्रामपंचायतींकडे राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद कायम ठेवलेली आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

मालक बदलला आणि त्याबरोबर एक नवा शब्द गावात आला, तो म्हणजे ठेका. मालगुजारास मासळीचा हिस्सा द्यावयाचा होता. जिल्हा परिषदेस किंवा ग्रामपंचायतीस रोख रक्कम द्यावयाची, तीही आगाऊ. ठरावीक वर्षांच्या मुदतीने मासेमारीचा हक्क द्यावयाचा, त्याची सरकारी किंमत काढावयाची आणि जाहिरात द्यावयाची, अशी पद्धत पडली. ढिवरांनी याला उत्तर म्हणून सहकाराची वाट धरली. तालुक्या-तालुक्यांत मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या. शासनाचे धोरणही स्थानिक संस्थेस प्राधान्य द्यावे असेच बहुतांशी राहिले. कागदावर पाहिले तर भांडणाचे कारणच उरले नव्हते.

भांडण उत्पन्न झाले ते मासळीची किंमत वाढल्यामुळे. १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन कार्प जातीच्या माशांची पैदास करण्याचा प्रयोग यशस्वी केला. त्यापूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. प्रयोगानंतर ते तळ्यात तयार होऊ लागले, आणि हळूहळू झाडीपट्टीच्या तलावांत मूळच्या मासळीऐवजी कटला-रोहू सोडण्याची रीत पडली. गोंदिया जंक्शन मुंबई-हावडा या मोठ्या लोहमार्गावर. बर्फ भरलेली पेटी गाडीत चढली की दूरच्या बाजारात पोचते. ज्या तलावावर पूर्वी पाच गावांच्या टोपल्या चालत, तो आता व्यापाऱ्याच्या हिशेबात धरण्याजोगा झाला. मग बोली बोलावयास नागपूरचे, छत्तीसगडकडचे व त्याहून लांबचे लोक येऊ लागले.

स्थानिक संस्था आणि दूरचा ठेकेदार यांची बरोबरी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. निविदेची सूचना वर्तमानपत्रात येते. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही त्या घराला ती तलाठी कार्यालयाच्या किंवा पंचायतीच्या फळ्यावर दिसली तर दिसली. बयाण्याची रक्कम भरावयाची, लेखापरीक्षण अहवाल जोडावयाचा, थकबाकी नसल्याचा दाखला आणावयाचा, आणि हे सर्व ठरलेल्या तारखेच्या आत. पुढे ई-निविदा आली तेव्हा संगणक आणि डिजिटल सही यांची भर पडली. ई-निविदेने बंद दाराआडचे व्यवहार कमी झाले, हे कबूल केलेच पाहिजे. पण जाळे फेकण्यात निष्णात असलेल्या माणसाला बटन दाबण्यासाठी तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या दुकानात बसावे लागते, हेही तितकेच खरे. ठेकेदाराजवळ पैसा, वकील आणि गाडी. संस्थेजवळ सभासदांची यादी आणि शिक्का.

आता पंचायतीची बाजू. तिलाही दिवाबत्ती आहे, नाली आहे, शाळेची दुरुस्ती आहे. काही गावी बोडीच्या लिलावाचा पैसा मंडईच्या किंवा देवळाच्या खर्चास लावण्याचीही चाल आढळते. बाहेरच्या माणसाने दीडपट बोली बोलली तर ती सोडावी कशी, असा प्रश्न सरपंचास पडतो, आणि तो वाजवी आहे. परंतु हा हिशेब अर्धाच मांडला जातो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, वीस हेक्टरांचा तलाव आहे व त्यातून वर्षास ३,००० किलो मासळी निघते. स्थानिक संस्था ४०,००० रुपये ठेका देते व बाहेरचा ठेकेदार ६०,००० रुपये देतो. पंचायतीस २०,००० रुपये जादा मिळाले, अशी नोंद होते. ठेकेदार मासळी काढण्यास गावच्याच ढिवरांना लावतो व किलोमागे ३० रुपये मजुरी देतो. म्हणजे ९०,००० रुपये. ठेक्यासह गावात १,५०,००० रुपये राहिले. तीच मासळी संस्थेने १२० रुपये किलोने विकली तर ३,६०,००० रुपये होतात. त्यातून बीज, जाळी, वाहतूक व ठेका मिळून १,२०,००० रुपये वजा केले तरी २,४०,००० रुपये चाळीस घरांत वाटले जातात, आणि पंचायतीचे ४०,००० वेगळे. गावात राहिलेली रक्कम २,८०,००० रुपये. भाव व आकडे गावोगाव बदलतील, परंतु पंचायतीच्या रोकडवहीत फक्त २०,००० रुपयांचा फरक दिसतो आणि बाकीचा दिसत नाही, ही गोष्ट सगळीकडे सारखीच.

शिवाय पाण्याचे दुखणे निराळे. मुदतीच्या शेवटच्या वर्षी बाहेरच्या माणसास तलावाशी कर्तव्य उरत नाही. बारीक आसाचे जाळे फिरवून पिलासकट मासळी उपसणे, किंवा काढणी सोपी जावी म्हणून तुडूम उघडून पाणी सोडून देणे, अशा तक्रारी उन्हाळी धानाच्या दिवसांत ऐकू येतात. त्या वेळी भांडण ढिवर व ठेकेदार यांच्यात न राहता शेतकरीही त्यात ओढला जातो. गावचा ढिवर तसे करू धजत नाही, कारण त्याचा भाऊबंद त्याच पाण्याखाली धान लावून बसलेला असतो आणि संध्याकाळी त्याला त्याच चावडीवरून जावयाचे असते.

असे असले तरी सर्व दोष बाहेरच्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. कित्येक ठिकाणी ठेका संस्थेच्या नावाने निघाला, पण पैसा व्यापाऱ्याचा. बयाणा त्याने भरला, बीज त्याने सोडले आणि भावही त्यानेच बांधला. संस्थेचे सभासद आपल्याच तलावावर मजूर झाले. सभा झाल्याची नोंद आहे आणि सभा झाली नाही, हिशेब आहे आणि पावत्या नाहीत, अशा कारणांनी संस्था अडचणीत आल्याची उदाहरणे सहकार खात्याच्या फायलींत थोडी नाहीत. एका मोठ्या वैगुण्याची चर्चा तर फारशी होतच नसे. मासळी विकण्याचे निम्मे काम बायांचे, पण सभासदांच्या यादीत त्यांची नावे शोधूनही सापडत नसत. दुसरीकडे, बर्फाची पेटी, बीज नेण्याच्या पिशव्या आणि दूरचे बाजारभाव या गोष्टी बऱ्याच अंशी बाहेरच्या व्यापाऱ्यांमुळेच इकडे आल्या, हेही नाकारून चालणार नाही.

पारीच्या दुरुस्तीची कथाही याच वळणाची आहे. मालगुजारी गेल्यावर गावाने हात आखडला, कारण तलाव सरकारचा. सरकारजवळ तलाव पुष्कळ आणि निधी थोडा. गाळ साचत गेला, बेशरमाची झुडपे माजली, तुडूम सडले. दुरुस्ती निघाली म्हणजे अंदाजपत्रक, निविदा आणि नोंदणीकृत ठेकेदार. मजूर सहकारी संस्थांना कामांचा काही हिस्सा राखून ठेवण्याची सोय शासनाने केली, पण तेथेही नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे हा प्रकार शिरला. रोजगार हमीचा राज्याचा १९७७ चा कायदा आणि पुढे केंद्राचा २००५ चा कायदा यांमुळे मात्र पुष्कळ तलावांचे मातीकाम गावच्याच हातांनी झाले. केंद्राच्या कायद्यान्वये झालेल्या कामांत ठेकेदारास व माणसाचे काम हिरावणाऱ्या यंत्रास मज्जाव होता. उन्हाळ्यात पारीवर शेकडो बाया-माणसे टोपली-फावडे घेऊन उभी आहेत, हे दृश्य त्या वर्षांत या जिल्ह्याने भरपूर पाहिले. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ साली गाळमुक्त धरण योजना निघाली, तेव्हा यंत्रे आली. यंत्राने चार दिवसांत निघणारा गाळ हातांनी दोन महिने निघतो, हे खरे. पण यंत्र पारीच्या पोटातली माती कोठवर खरवडावी हे ओळखत नाही; ते ओळखणारा म्हातारा शेजारी उभा असला तरी त्यास विचारण्याची निविदेत तरतूद नसते.

तलावासारखाच दुसरा झगडा जंगलात झाला, त्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय अपुरा राहील. गोंदिया ही बिडीची पेठ. तिचा कच्चा माल तेंदूपत्ता. १९६९ च्या महाराष्ट्र वनोत्पादन कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाने हाती घेतला, व घटक पाडून लिलाव होऊ लागले. पाने तोडणारा गावचा, ठेका बाहेरचा, हाच प्रकार. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नसल्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याचा लाभ येथे मिळाला नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क दिले आणि २०१३ च्या हंगामापासून जिल्ह्यातील काही ग्रामसभांनी आपला तेंदूपत्ता आपणच विकावयास काढला. त्यांनीही निविदाच काढली. फरक एवढाच की निविदा काढणारा गाव होता आणि कागदावर सह्या करण्यासाठी व्यापाऱ्यास गावात यावे लागले.

तलावांच्या बाबतीतही अलीकडे वारे थोडे फिरले आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर काम करून बेशरम काढणे, तलावात मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावणे व स्थानिक जातींची मासळी राखणे असे प्रयोग केले. त्यात बायांचे गट पुढे होते. तळे साफ झाले की मरळ-वाघूर परत येतात, बीज विकत आणण्याचा खर्च वाचतो आणि व्यापाऱ्याकडे उचल मागण्याची पाळी येत नाही. ठेक्याच्या राजकारणात या गोष्टीचे महत्त्व वरवर दिसते त्याहून मोठे आहे. ज्याने उचल घेतली नाही तोच भाव मागू शकतो. शासनानेही ठेक्याचे धोरण २०१७ साली व पुन्हा २०१९ साली बदलले, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

तलावासंबंधी वाद निघाला म्हणजे पहिला प्रश्न येतो तो वहिवाटीचा, आणि तेथे तोंडी साक्षीपेक्षा बंदोबस्ताचा कागद वजनदार ठरतो. हे कागद शासकीय अभिलेखात असतात व त्यांची नक्कल रीतसर अर्ज केल्यास मिळते. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात मौजाचे नाव, पटवारी हलका नंबर, बंदोबस्त नंबर आणि तलावाचा गट क्रमांक अचूक लिहावा. निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोहोंची वेगवेगळी मागणी करावी, कारण एकात नसलेली नोंद दुसऱ्यात सापडते. जुनी पाने जीर्ण झालेली असतात व मजकूर जुन्या वळणाचा असतो, तेव्हा वाचून घेण्यास गावातील एखाद्या जाणत्या वृद्धास बरोबर न्यावे. नक्कल मिळाल्यावर तिची एक प्रत पंचायतीच्या दप्तरी, एक मच्छीमार संस्थेकडे आणि एक देवस्थानाच्या पेटीत ठेवावी, म्हणजे ठेक्याची मुदत संपून नवी जाहिरात निघेल त्या वेळी शोधाशोध करावी लागणार नाही.